वजन उचला, पण हिशेबाने

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. रात्रीचे अकरा वाजले असतील. पाटणचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको, की अशा रात्री दवाखान्याचे दार वाजले म्हणजे काम निकडीचे असते. दार उघडले तर बाहेर ओळखीचे गृहस्थ आणि त्यांच्या खांद्यावर मान टाकलेला त्यांचा वीस वर्षांचा मुलगा.

"डॉक्टर, पोरगं कसंतरीच करतंय. छाती लई उडतीया म्हणतंय. जेवलं बी नाही."

मुलाला टेबलावर घेतले. नाडी 140 च्या वर, रक्तदाब चढलेला, हातांना कापरे, डोळे टक्क उघडे. बापाला बाहेर बसवले आणि मुलाला विश्वासात घेऊन विचारले. थोडे आढेवेढे घेतल्यावर त्याने खिशातून एक छोटी कुपी काढली. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या कोणा मित्राने दिली होती. "टोचलं की दम लागत नाही, वजन बी जास्त उचलतं," असे त्याला सांगण्यात आले होते.

कुपीवर मेफेंटरमाइन असे नाव होते. शस्त्रक्रियेच्या वेळी भूल दिल्यावर रुग्णाचा रक्तदाब एकाएकी घसरला, तर तो वर आणण्यासाठी डॉक्टर हे औषध देतात. धडधाकट तरुणाने ते टोचून घेऊन व्यायाम करणे म्हणजे भरधाव गाडीला आणखी रेस देण्यासारखे आहे. मुलाला त्याच रात्री कराडला मोठ्या रुग्णालयात पाठवले. दोन दिवसांनी तो सुखरूप घरी आला.

पण मला मात्र पुढच्या काही रात्री नीट झोप लागली नाही. कारण वाचकहो, हाच मुलगा दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे येऊन गेला होता. "डॉक्टर, दंड कसं करायचं? वजनं उचलू का?" असे त्याने सरळ विचारले होते. बाहेर रुग्णांची रांग होती. मी त्याला म्हणालो, "वजनं उचलू नकोस, उंची खुंटते. दूध पी आणि जोर मार." एवढे सांगून मी त्याची बोळवण केली. माझ्या त्या उत्तरातील उंचीची गोष्ट चुकीची होती आणि बाकीचे उत्तर अर्धवट होते. डॉक्टरकडून नीट उत्तर मिळाले नाही, तेव्हा त्याने ते दुसरीकडे शोधले. तेच उत्तर आज दोन वर्षे उशिरा का होईना, पूर्ण देण्याचा प्रयत्न करतो.

बळाची परंपरा आपल्या दारात

खरे तर बळ कमावण्याची विद्या आपल्या भागाला नवी नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1952 साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकून आले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ते लढले तो गट होता 57 किलोचा. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या शिडशिडीत कॉलेजकुमाराएवढे वजन! सांगली जिल्ह्यातील कवठेपिरानच्या मारुती माने यांनी 1962 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्ण आणि रौप्य अशी दोन पदके आणली. आणि अगदी अलीकडे, 2022 साली, सांगलीच्या संकेत सरगरने बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत भारोत्तोलनात 55 किलो गटाचे रौप्यपदक मिळवले. त्याच्या वडिलांची सांगलीत पानाची टपरी होती.

संकेतने एकूण 248 किलो उचलले, सुवर्ण जिंकणाऱ्या मलेशियाच्या खेळाडूने 249. अवघ्या एका किलोचा फरक! दुसऱ्या प्रयत्नात कोपर दुखावल्यामुळे त्याचे सुवर्ण हुकले. जागतिक दर्जाचा खेळाडूदेखील एकेका किलोसाठी झटतो आणि सांध्याने साथ सोडली की त्यालाही थांबावे लागते. नव्याने वजन उचलायला जाणाऱ्याने या दोन्ही गोष्टी पहिल्या दिवसापासून ध्यानात ठेवाव्यात.

हमालाचे शरीर पिळदार का होत नाही?

हा प्रश्न मला लहानपणापासून पडलेला आहे, कारण माझे वडील हमाल होते. 11 डिसेंबर 1967 च्या कोयनेच्या भूकंपात आमचे घर पडले आणि पुढच्या वर्षी वडिलांनी मुंबईची वाट धरली. मशीद बंदरच्या धान्यबाजारात त्यांनी पोती वाहिली. पाटण, ढेबेवाडी, तारळे या खोऱ्यांतील कितीतरी घरांची हीच कथा आहे. या कष्टकऱ्यांसाठी 1969 साली माथाडी कायदा झाला, त्यासाठी झगडणारे अण्णासाहेब पाटील आपल्याच तालुक्यातील मंद्रुळकोळ्याचे.

वडील शंभर किलोचे पोते पाठीवर घेत. दिवसातून किती घेत याचा हिशेब त्यांनाही नव्हता. मग सर्वांत भक्कम शरीर त्यांचेच असायला हवे होते. प्रत्यक्षात मान आणि पोटऱ्या लाकडासारख्या कठीण, पण दंड सुकलेले, छाती आत गेलेली आणि पन्नाशीत दोन्ही गुडघे व कंबर कामातून गेलेली. गावी आले की ते ओसरीवरून उठताना खांबाला धरून उठत.

वैद्यकीय शिक्षण घेताना याचे कारण हळूहळू उलगडले. एक, ओझे रोज तेवढेच. शरीर त्या ओझ्याला काही महिन्यांत सरावते आणि पुढे वाढायचे कारणच उरत नाही. दोन, विश्रांती नाही. झिजलेला स्नायू भरून निघण्याआधीच त्याच्यावर पुन्हा ओझे. तीन, खाणे म्हणजे चहापाव आणि खानावळीचा पातळ डाळभात. चार, एका खोलीत दहा-बारा माणसे, त्यामुळे पुरेशी झोप नाही. आणि पाच, सगळा भार कण्यावर व गुडघ्यांवर, तोही वाकलेल्या अवस्थेत. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 1967 साली, प्रौढ पुरुषाने हाताने वाहायचे ओझे 55 किलोपेक्षा जास्त असू नये, अशी शिफारस केली. त्याच्या जवळजवळ दुप्पट ओझे आमचे वडील वाहत होते.

या पाचही गोष्टी उलट करा, म्हणजे स्नायू वाढविण्याची पद्धत तुमच्या हाती येते.

स्नायू वाढतो कसा?

आपला स्नायू हजारो बारीक तंतूंचा बनलेला असतो. सुतळीच्या जुडग्यासारखा म्हणा. व्यायामाने या तंतूंची संख्या फारशी वाढत नाही, एकेक तंतू जाड होतो. तो कधी जाड होतो? नेहमीपेक्षा जास्त ताण पडल्यावर, शरीराला 'हे आता झेपत नाही, तजवीज करावी लागेल' अशी सूचना मिळते तेव्हा. व्यायाम ही फक्त सूचना. बांधकाम होते ते नंतरच्या एक-दोन दिवसांत, अन्नातील प्रथिनांच्या साहाय्याने. त्यामुळे व्यायामाइतकेच महत्त्व खाण्याला आणि झोपेला आहे.

पहिल्या महिना-दोन महिन्यांत ताकद झपाट्याने वाढते, पण आरशात फरक दिसत नाही. याचे कारण असे, की आधी मेंदू आणि मज्जातंतू आहे त्याच स्नायूंकडून जास्त काम करून घ्यायला शिकतात. जाडी नंतर येते. नेमके याच काळात पोरे निराश होऊन व्यायाम सोडतात किंवा सुईकडे वळतात.

प्राचीन ग्रीसमध्ये मायलो नावाचा मल्ल होता. तो रोज एक वासरू खांद्यावर घेऊन चाले. वासरू वाढत गेले तशी त्याची ताकद वाढत गेली आणि शेवटी तो पूर्ण वाढलेला बैल उचलू लागला, अशी दंतकथा आहे. तिच्यातले तत्त्व मात्र खरे आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत थॉमस डिलॉर्म या डॉक्टरने जखमी सैनिकांच्या अशक्त झालेल्या पायांवर हेच तत्त्व वापरले. त्यापूर्वी अशा रुग्णांकडून हलके व्यायाम असंख्य वेळा करवून घेत. डिलॉर्मने वजन वाढवले आणि वेळा कमी केल्या. 1945 साली त्याने आपली पद्धत प्रसिद्ध केली. पुढे तिचे साधे रूप रूढ झाले ते असे. जे वजन तुम्ही जेमतेम दहा वेळा उचलू शकता ते ठरवा. समजा ते 20 किलो आहे. मग पहिल्या फेरीत निम्मे म्हणजे 10 किलो दहा वेळा, दुसऱ्या फेरीत पाऊण म्हणजे 15 किलो दहा वेळा आणि तिसऱ्या फेरीत पूर्ण 20 किलो दहा वेळा. वीस किलो सोपे वाटू लागले की वजन वाढवा. नवख्याला आजही यापेक्षा सोपी पद्धत सांगता येणार नाही, कारण पहिल्या दोन फेऱ्यांत शरीर आपोआप तापून तयार होते.

जोर-बैठकांचे काय?

तालमीतील वस्ताद मंडळींचा राग ओढवून न घेता सांगतो, की जोर-बैठका हा उत्तम व्यायाम आहे. ज्याला दहा जोर निघत नाहीत त्याने तेथूनच सुरुवात करावी. पण एकदा शंभर बैठका सहज निघू लागल्या, की पुढच्या चारशेंनी दम वाढतो, मांडी फारशी वाढत नाही. जुन्या पैलवानांनाही हे ठाऊक होते. म्हणूनच ते जोडीदाराला पाठीवर घेऊन बैठका मारत, जड जोडी फिरवत, दगडी नाल उचलत. आज जिममध्ये रॉडला प्लेटा लावतात, त्यामागे हाच हिशेब आहे.

एक धोक्याची सूचना. चढाओढीने पहिल्याच दिवशी पाचशे बैठका मारू नका. सवय नसलेला स्नायू एकदम इतका राबवला, तर त्याचे तंतू फुटून त्यातील द्रव्ये रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडे बंद पडू शकतात. व्यायामानंतर अंग असह्य दुखून सुजले आणि लघवी काळ्या चहासारखी झाली, तर घरगुती उपाय न करता तातडीने रुग्णालय गाठावे.

पाच हालचाली पुरेत

जिममधील यंत्रे पाहून नवखा माणूस गोंधळतो. शरीराला मुळात पाच प्रकारची कामे येतात. ती पाच केली की सर्व मोठे स्नायू त्यात येतात.

1) बसून उठणे. वजन छातीशी धरून किंवा खांद्यावर घेऊन बैठक. टाचा जमिनीला टेकलेल्या, गुडघे पायाच्या बोटांच्या दिशेने. मांड्या व नितंब यांसाठी.

2) जमिनीवरून उचलणे. कंबरेतून मागे सरून, पाठ सरळ ठेवून, ओझे नडगीच्या अगदी जवळून वर आणणे. पाठ धनुष्यासारखी वाकवून उचलू नका. दिवसभर भाताची लावण करणाऱ्या बायकांची कंबर संध्याकाळी का भरून येते, ते आठवा.

3) ढकलणे. जोर, किंवा आडवे पडून वजन छातीवरून वर नेणे. छाती आणि दंडाच्या मागच्या बाजूसाठी.

4) ओढणे. आडव्या बारला किंवा भक्कम फांदीला लटकून हनुवटी वर नेणे. ते जमत नसेल तर पुढे वाकून, पाठ सरळ ठेवून, वजन पोटाकडे ओढणे. पाठ आणि दंडाच्या पुढच्या बाजूसाठी. लष्करभरतीतील 'बीम' याच व्यायामाने निघतात.

5) डोक्यावर नेणे. उभे राहून खांद्यापासून वजन सरळ वर. खांद्यांसाठी. भरतीत 7.260 किलोचा गोळा फेकणाऱ्यांनी हा व्यायाम आणि पहिल्या क्रमांकाची बैठक कधी चुकवू नये. गोळा हाताने फेकतात असे वाटते, पण त्याचे बळ पायांतून येते.

किती आणि कितीदा?

आठवड्यातून तीन दिवस पुरेत. सोमवार, बुधवार, शुक्रवार म्हणा. प्रत्येक वेळी या पाचही हालचाली, प्रत्येकीच्या तीन फेऱ्या. एका फेरीत 8 ते 12 आवर्तने. शेवटच्या एक-दोन आवर्तनांना कष्ट पडले पाहिजेत, पण शरीराची ठेवण मोडता कामा नये. आणखी एखादेच आवर्तन निघेल असे वाटले की थांबा. दोन फेऱ्यांमध्ये दोन-तीन मिनिटे विसावा घ्या. घाई करून काही मिळत नाही.

तिन्ही फेऱ्यांत 12 आवर्तने निघू लागली, की वजन अडीच किलोने वाढवा. आवर्तने पुन्हा आठवर येतील. तेथून परत बारापर्यंत चढा. यासाठी एक वही ठेवा. तारीख, वजन, आवर्तने एवढेच लिहायचे. दुकानदार जसा रोजमेळ लिहितो तसे. वही नसली की माणूस महिनोन्‌महिने तेच वजन उचलत राहतो आणि हमालासारखा थकतो.

वजन वर नेताना श्वास सोडा, खाली आणताना घ्या. श्वास कोंडून धरला की रक्तदाब एकदम चढतो. खाली आणताना वजन आपटू नका, दोन-तीन सेकंद घेऊन सावकाश आणा. त्या उतरत्या प्रवासातही स्नायू कमावला जातो. व्यायामानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग दुखणे स्वाभाविक आहे. पण सांध्यात टोचल्यासारखे दुखले किंवा पायात मुंग्या उतरल्या, तर तो व्यायाम थांबवून दाखवून घ्यावे.

पैसे नसतील तर?

जिमची फी परवडत नाही म्हणून कोणी थांबू नये. पाच लिटरचा पाण्याचा कॅन म्हणजे पाच किलो वजन. सिमेंटच्या रिकाम्या गोणीत वाळू भरून तोंड शिवा, हवे तेवढे वजन तयार. जुन्या दप्तरात विटा घालून ते पाठीवर घेतले की साध्या बैठका आणि जोर जड होतात. अलीकडच्या संशोधनातून असे दिसले आहे, की हलक्या वजनानेही स्नायू वाढतो, मात्र आवर्तने 25-30 पर्यंत नेऊन स्नायू खरोखर थकवला पाहिजे. निव्वळ ताकद वाढविण्यासाठी जड वजनच चांगले, पण दंड भरण्यासाठी वाळूची गोणीही कामाला येते.

खुराक

स्नायू कमावणाऱ्याने शरीराच्या दर किलो वजनामागे रोज सुमारे 1.6 ग्रॅम प्रथिने घ्यावीत, त्यापेक्षा जास्तीचा विशेष फायदा दिसत नाही. साठ किलोच्या तरुणाला हे साधारण 96 ग्रॅम होतात. आकडा मोठा वाटतो, पण घरच्या स्वयंपाकात बसतो. ज्वारीच्या तीन भाकरींतून सुमारे 16 ग्रॅम, वाटीभर तांदळाच्या भातातून 8, शंभर ग्रॅम कडधान्य किंवा डाळीतून 22, अर्धा लिटर दुधातून 17, तीन अंड्यांतून 18 आणि मूठभर, म्हणजे 50 ग्रॅम शेंगदाण्यांतून 12. बेरीज 93. अंडी न खाणाऱ्यांनी 50 ग्रॅम सोयाबीनच्या वड्या घेतल्या तर त्यातून 26 ग्रॅम मिळतात. आपले हुलगे तर या बाबतीत कुठल्याही डाळीच्या तोडीचे आहेत. मांसाहारी घरात आठवड्यातून एक-दोनदा कोंबडी किंवा मासे असले, की कसलीच अडचण नाही.

वस्तादांचा तूप-बदामाचा खुराक दिवसाकाठी पाच-सहा तास घाम गाळणाऱ्या मल्लासाठी होता. तासभर व्यायाम आणि दिवसभर खुर्ची असा दिनक्रम असणाऱ्याने तो खुराक घेतला तर स्नायूंऐवजी पोट वाढेल. आणि रोज सात-आठ तास झोप हवीच.

पावडरीच्या डब्याबद्दल बरेच जण विचारतात. ती दुधातलीच प्रथिने, सोयीच्या रूपात. जेवणातून भागत असेल तर गरज नाही. नकली डब्यांचा सुळसुळाट आहे, हेही ध्यानात असू द्या. क्रिएटिन हा पदार्थ रोज 3 ते 5 ग्रॅम घेतल्याने निरोगी माणसाला थोडा फायदा होतो, पण मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो घेऊ नये.

सुईचा मोह

ज्या गोष्टीमुळे हा लेख लिहायला बसलो, ती ही. मेफेंटरमाइनने हृदयाचे ठोके बिघडतात, रक्तदाब भडकतो, झोप उडते, सवय लागते आणि प्रसंगी प्राणही जातो. त्याने स्नायू तसूभरही वाढत नाही, फक्त थकवा जाणवत नाही.

दुसरा प्रकार स्टिरॉईडचा. पुरुषी संप्रेरकाची ही कृत्रिम रूपे आहेत. त्यांनी स्नायू वाढतो, हे खोटे सांगण्यात अर्थ नाही. पण बाहेरून संप्रेरक मिळू लागले की शरीर स्वतःचे बनवणे बंद करते. वृषणे आक्रसतात, वीर्यातील शुक्रजंतू कमी होतात, छातीला स्त्रीसारखा उभार येतो, रक्तातील चरबीचे प्रमाण बिघडते, हृदयाच्या भिंती जाड होतात. लग्नानंतर मूल होत नाही म्हणून तपासणीला येणाऱ्या जोडप्यांत कधीकधी असा एखादा पिळदार तरुण असतो. आधी तो बोलत नाही. बायको बाहेर गेली की मग हळूच सांगतो. घेतलेले असेल तर लपवू नका, डॉक्टरांना सांगा. वेळीच थांबल्यास पुष्कळांचे शरीर पूर्ववत होते.

बायका आणि म्हातारी माणसे

वजन उचलणे हे केवळ तरुण पोरांचे काम, हा गैरसमज आहे. तिशीनंतर दर दहा वर्षांना साधारण 3 ते 8 टक्के स्नायू झडतो, साठीनंतर त्याहून वेगाने. म्हातारपणी माणूस पडतो, तो बहुधा मांडीतील बळ गेल्यामुळे. जेवणानंतर रक्तातील साखर सर्वांत जास्त शोषून घेतो तो स्नायूच, त्यामुळे मधुमेह्यांनाही हा व्यायाम औषधासारखा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली दिलेल्या सल्ल्यात, सर्व प्रौढांनी चालण्याबरोबरच आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंचे व्यायाम करावेत, असे सांगितले आहे.

अमेरिकेत बोस्टनमध्ये एका वृद्धाश्रमातील दहा जणांना आठ आठवडे मांडीचा वजनाचा व्यायाम दिला. सरासरी वय नव्वद! त्यांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली. हा अभ्यास 1990 साली प्रसिद्ध झाला. हे वाचून मी माझ्या आईला, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, खुर्चीवरून हात न टेकता उठायला लावले. पहिल्या दिवशी ती तीनदा उठली आणि मला म्हणाली, "म्हातारपणी आईला बैठका मारायला लावतोस व्हय रं?" तीन महिन्यांत ती पंधरा वेळा उठू लागली आणि देवघरापुढे पुन्हा खाली बसू लागली. वडिलांना हे सांगायला मात्र मला उशीर झाला.

स्त्रियांना भीती असते, की वजने उचलली तर अंग पुरुषासारखे होईल. स्त्रीच्या शरीरात पुरुषी संप्रेरक कित्येक पटींनी कमी असते, त्यामुळे तसे होत नाही. उलट पाळी गेल्यानंतर ठिसूळ होणारी हाडे या व्यायामाने टिकून राहायला मदत होते.

आधी कोणी दाखवून घ्यावे?

रक्तदाब आटोक्यात नसलेले, छातीत दुखणारे, नुकताच हृदयविकाराचा झटका किंवा शस्त्रक्रिया झालेले, अंतर्गळ असलेले, मधुमेहाने डोळ्यांचा पडदा बिघडलेले आणि गरोदर स्त्रिया, यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय वजनांना हात लावू नये. वाढत्या वयाच्या मुलांनी हलक्या वजनाने, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली व्यायाम केल्यास उंची खुंटत नाही. माझ्या जुन्या उत्तराची ही जाहीर दुरुस्ती समजावी.

त्या मुलाचे पुढे काय झाले, असे वाचक विचारतील. रुग्णालयातून आल्यावर हृदयाच्या सर्व तपासण्या नीट आल्या आणि तज्ज्ञांनी परवानगी दिली, तेव्हा मी त्याला वही घेऊन बोलावले. परड्यात वाळूच्या दोन गोण्या आणि आंब्याच्या फांदीला बांधलेला लोखंडी पाइप, एवढ्यावर सुरुवात केली. सात महिन्यांत त्याचे वजन 53 वरून 57 किलो झाले. फांदीला लटकून दोनदेखील वर जाता येत नव्हते, आता नऊ वेळा जातो. भरतीचे काय होईल ते भरतीच्या मैदानावर ठरेल. गेल्या आठवड्यात तो वही दाखवायला आला, तेव्हा बरोबर आणखी तिघे होते, प्रत्येकाच्या हातात कोरी वही. बाहेर रुग्णांची रांग होती. या वेळी मी त्या चौघांनाही आत बसवून घेतले.